लहान जिवांची राखण: दर कसा ठरवावा?

सशाने दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ती पशुवैद्याकडे धावण्याची वेळ असते. ससा दिवसरात्र थोडं थोडं खात राहणारा प्राणी आहे. त्याचं आतडं सतत हलतं राहावं अशीच त्याच्या शरीराची घडण आहे आणि ही हालचाल थांबली की तो पाहता पाहता खालावतो. धडधाकट कुत्रा एक दिवस जेवला नाही तर घरातले काळजी करतात. ससा एक दिवस जेवला नाही तर तो दगावू शकतो. तरीही दिवाळीत गावाला जाताना कुत्र्याच्या बोर्डिंगचे रोजचे पैसे मोजणारं घर सशासाठी शेजाऱ्यांना एवढंच सांगून निघतं, "एवढासा तर जीव आहे, सकाळी दोन गाजरं टाका."

या वाक्यातच सगळा घोळ आहे. जीव लहान म्हणजे काम लहान आणि काम लहान म्हणजे मोबदला नावापुरता, असं आपण गृहीत धरतो. शहरांत ससे, गिनी पिग, हॅमस्टर, पक्षी आणि मासे पाळणारी घरं आहेत. त्यातली बरीच चौकोनी कुटुंबं आहेत आणि सुट्टीत ती एकदमच बाहेर पडतात. मागे राहिलेल्या प्राण्याकडे पैसे घेऊन पाहणारी माणसंही आता मिळतात. त्यांना पेट सिटर म्हणतात. त्यांचा दर मात्र बहुतेक वेळा अंदाजाने ठरतो. मालकाला तो जास्त वाटतो, सिटरला कमी, आणि त्याची झळ शेवटी पिंजऱ्यातल्या प्राण्याला बसते. म्हणून दराचा हिशोब नीट मांडून पाहायला हवा.

मोबदला कशाचा?

दुसऱ्याचं जनावर सांभाळण्याचा मोबदला आपल्याकडे नवा नाही. गावाची गुरं राखणाऱ्या गुराख्याला जनावरामागे धान्य किंवा पैसे मिळत. शेळी अर्धलीने देण्याची रीत तर आजही आहे. शेळी मालकाची, चारणं-सांभाळणं दुसऱ्याचं आणि होणारी करडं दोघांत निम्मी. या रीतीत मोबदला जनावरातूनच निघतो. शेळी चांगली सांभाळली तर करडं चांगली होतात, म्हणजे सांभाळणाऱ्याचं हित शेळीच्या हिताशी आपोआप बांधलं जातं.

घरातल्या सशाचं तसं नाही. तो दूध देत नाही आणि त्याची पिल्लं विकायची नसतात. त्याची नीट काळजी घेतली म्हणून सिटरच्या हाती जास्तीचं काही पडत नाही आणि हयगय केली तर ती दिसायला उशीर लागतो. त्यामुळे सिटरचा वेळ, प्रवास, कौशल्य आणि जबाबदारी यांचा मोबदला थेट पैशातच ठरवावा लागतो. तो इतका असावा लागतो की काम घाईत उरकण्याचा मोह होऊ नये.

अमेरिकेत या कामाला व्यवसायाचं रूप आलं ते १९८०च्या दशकात. पॅटी मोरन यांनी १९८७ साली या व्यवसायावर पुस्तक लिहिलं आणि १९९४ मध्ये पेट सिटर्सची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. आपल्याकडे हे काम अजून ओळखीपाळखीवर चालतं. ओळख असण्यात वाईट काही नाही, पण ओळखीत पैशाचं बोलायला संकोच वाटतो आणि न बोललेले पैसे पुढे मनात सलत राहतात.

प्रत्येक प्राण्याचं काम वेगळं

दर ठरवण्याआधी काम समजून घ्यावं लागतं. प्राण्याच्या किमतीवरून किंवा आकारावरून ते समजत नाही. त्याच्याकडे दिवसातून किती वेळा जायला हवं आणि गेल्यावर काय काय पाहायला हवं, यावरून समजतं.

सशाकडे दिवसातून किमान दोनदा जायला हवं. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा सुक्या गवताचा. त्याचे दात जन्मभर वाढत असतात आणि गवत चावूनच ते झिजतात. गाजर गोड असतं, ते कधीमधी द्यायचं. हिरवा लसूणघास पिल्लांना चालतो, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, म्हणून रोज मूठभर गवत हुंगून पाहावं लागतं. सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीकडे गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि विदर्भात मे महिन्यात तो पंचेचाळिशीला टेकतो. तिथे उन्हाळ्यात ससा सांभाळणं म्हणजे खोली गार आहे ना, वीज गेली नाही ना, याची जबाबदारी घेणं.

गिनी पिगच्या शरीरात माणसाप्रमाणेच क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज अन्नातून मिळावं लागतं. ढोबळी मिरचीची ताजी फोड हा त्यावरचा सोपा उपाय, पण ती रोज आणून, धुऊन, चिरून द्यावी लागते आणि उरलेली काढून टाकावी लागते. गिनी पिग आजार लपवतो. शिकार होणाऱ्या बहुतेक प्राण्यांची ही सवय असते, कारण रानात अशक्त दिसणारा जीव आधी उचलला जातो. म्हणून जाणते सिटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवतात. आजार डोळ्यांना दिसण्याआधी वजनात दिसतो.

हॅमस्टर रात्री जागा असतो. सकाळी साडेनऊला गेलेल्या सिटरला तो झोपलेलाच सापडेल आणि बरा आहे की आजारी, हे कळणार नाही. त्याच्याकडे एक फेरी पुरते, पण ती संध्याकाळनंतरची हवी. कडक थंडीत हॅमस्टर निपचित पडतो, शरीर गार लागतं, श्वास मंदावतो. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा काही वेळा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा ठिकाणी पडून राहिलेला हॅमस्टर मेला असं समजून टाकून देण्याची चूक होऊ शकते. हे माहीत असणं हाही सिटरच्या कामाचाच भाग आहे.

बजरीगर आपल्याकडे लव्हबर्ड म्हणूनही विकले जातात. ते खातात कमी, पण त्यांचं पाणी आणि भांडी रोज बदलावी लागतात. त्यांच्या वाटीत एक फसवी गोष्ट असते. वरून ती भरलेली दिसते, पण आत नुसती टरफलं असतात. फुंकर मारून पाहणारा सिटर आणि नुसती नजर टाकून जाणारा सिटर यांच्यात पक्ष्याच्या उपासमारीइतका फरक पडतो. सिटर पक्षी आपल्या घरी ठेवून घेत असेल तर आणखी एक गोष्ट. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्यातून निघणाऱ्या वाफा पक्ष्यांसाठी प्राणघातक असतात. अशा घरात पक्ष्याचा पिंजरा स्वयंपाकघराच्या आसपासही नसावा.

माशांचं काम याच्या उलट आहे. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस खाण्यावाचून सहज राहतात. त्यांना खरा धोका असतो जास्त खाऊ घालणाऱ्याचा. न खाल्लेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि टाकीतले सगळे मासे एकदम आजारी पडतात. म्हणून मालकाने पुड्या मोजून ठेवाव्यात आणि सिटरने दिवसाआड यावं. त्याने पाहायचं ते फिल्टर आणि हवेचा पंप चालू आहेत की नाही. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, हे माहीत असलेला सिटर गुरुवारची फेरी वीज परत आल्यानंतरच ठेवेल.

या सगळ्यांत खाणं घालण्याला पाच मिनिटं लागतात. उरलेला वेळ पाहण्याचा असतो. लेंड्या किती आहेत, पाणी किती कमी झालं, बाटलीच्या नळीतली गोळी अडकली तर नाही, काल जिथे बसला होता तिथेच तो आजही का बसला आहे? दर ठरतो तो या पाहण्याचा.

हिशोब मांडूया

आता आकडे. ते समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आणि आपल्या गरजेचे आकडे त्या जागी ठेवावेत.

पहिला प्रश्न तासाच्या मोलाचा. एखाद्या सिटरला या कामातून महिन्याला २५,००० रुपये सुटायला हवे आहेत. ती महिन्याचे २६ दिवस रोज ६ तास काम करू शकते, म्हणजे १५६ तास. त्यातला साधारण दहावा हिस्सा फोन, चौकशा आणि हिशोबात जातो. पैसे मिळतील असे तास उरले १४०. भागाकार केला तर तासाला सुमारे १८० रुपये, म्हणजे मिनिटाला ३ रुपये.

आता एक फेरी. सिटर कोथरूडला राहते आणि कर्वेनगरमधल्या एका घरी गिनी पिगची जोडी पाहायला जाते. घरातलं काम ४० मिनिटं, जाणं-येणं मिळून ३० मिनिटं. एकूण ७० मिनिटांचे २१० रुपये झाले. स्कूटरवर ६ किलोमीटर. पेट्रोल, टायर आणि सर्व्हिसिंग धरून किलोमीटरला ४ रुपये, म्हणजे २४ रुपये. बेरीज २३४. यावर २० टक्के जबाबदारीचे आणि मंदीच्या महिन्यांचे. फेरी संपली तरी सिटरचा फोन चालूच असतो आणि मार्चमध्ये परीक्षांमुळे कुणी गावाला जात नाही, तेव्हाही तिचं घर चालायला हवं. एकूण साधारण २८० रुपये. दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे ५६०.

हा आकडा ऐकून मालकाला धक्का बसू शकतो. बाजारात विकत घेतलेल्या गिनी पिगच्या जोडीची किंमत त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि चार-पाच दिवसांच्या राखणीला त्याहून जास्त पैसे का, असं त्याला वाटतं. पण जोडी किती रुपयांना मिळाली याचा सिटरच्या ७० मिनिटांशी काही संबंध नाही. मिनिटं आणि किलोमीटर कागदावर मांडून दाखवले की बहुतेकांना ते पटतं. पटवण्यासाठी यापेक्षा चांगलं साधन नाही.

खर्च खरोखर कमी करायचा असेल तर प्राणी सिटरच्या घरी नेऊन ठेवता येतो. तिथे प्रवास नाही. दिवसभरात मिळून ६० मिनिटांचं काम, १८० रुपये. उन्हाळ्यात दुपारी सहा तास एसी लावावा लागला, तासाला एक युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर ६० रुपये. यावर २० टक्के मिळवले की २९० रुपयांच्या आसपास येतं, म्हणजे फेऱ्यांच्या जवळजवळ निम्मं. पण लहान प्राण्याला जागा बदलली की ताण येतो, आणि सिटरच्या घरी मांजर असेल तर तिच्या नुसत्या वासानेही ससा खाणं टाकू शकतो. स्वस्त पर्याय प्राण्याला झेपेल का, हे आधी पाहायचं आणि मग पैशाचं.

जिवामागे की पिंजऱ्यामागे?

सिटर सगळ्यांत जास्त गोंधळतात ते इथे. दोन ससे असतील तर दुप्पट पैसे घ्यायचे का?

वरच्याच हिशोबात उत्तर आहे. एकाच पिंजऱ्यातला दुसरा गिनी पिग फेरीत फार तर पाच मिनिटं वाढवतो. प्रवास तोच, पेट्रोल तेच. दुसरा पिंजरा असेल तर मात्र वेगळी सफाई, वेगळं पाणी आणि वेगळी पाहणी, म्हणजे १५ मिनिटं. त्याचे ४५ रुपये आणि वर २० टक्के, असे ५५ रुपये वाढतात. तीन पिंजऱ्यांच्या घराची फेरी तिप्पट न होता २८० अधिक ११०, म्हणजे ३९० रुपयांची होते. अनेक पिंजऱ्यांना दिलेली सवलत अशी खऱ्या बचतीतून येते. तिच्यात सिटरचं नुकसान होत नाही.

जिवामागे पैसे घेणं आणखी एका कारणाने चुकीचं आहे. गिनी पिग कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडने २००८ साली प्राणी संरक्षणाच्या नियमांत अशा सामाजिक प्राण्यांना एकटं ठेवायला बंदी केली, त्यामुळे तिथे गिनी पिग किमान जोडीने पाळावे लागतात. आपल्याकडे असा नियम नाही, पण प्राण्याची गरज तीच आहे. जिवामागे दर लावला की जोडी ठेवणाऱ्याला, म्हणजे प्राण्यासाठी योग्य तेच करणाऱ्याला, दंड बसतो. आपल्या दराने मालकाला असं वाईट वळण लागू नये, एवढं सिटरने पाहायला हवं.

सूट, सण आणि रद्द झालेला प्रवास

"दहा दिवसांसाठी आहे, काहीतरी कमी करा," असं मालक हमखास म्हणतो. फेऱ्यांच्या कामात या मागणीला फारसा आधार नाही. दहाव्या दिवशीही स्कूटरला तेवढंच पेट्रोल लागतं आणि पिंजऱ्याला तेवढाच वेळ. बचत होते ती फक्त सुरुवातीची ओळखभेट आणि किल्ली घेण्याच्या फेरीची, कारण ती दहा दिवसांत एकदाच होते. तेवढी सूट जरूर द्यावी. त्याहून जास्त दिली तर ती भरून काढण्यासाठी सिटर नकळत फेऱ्या आखडत्या घ्यायला लागतो.

सणाच्या दिवसांत दर वाढवणं मात्र रास्त आहे, फक्त ते आधी सांगितलेलं असावं. गणपतीत आणि दिवाळीत सिटरच्याही घरी पाहुणे असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती कर्वेनगरला जाते तेव्हा स्वतःच्या घरची पूजा सोडून जाते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ससे बिचकतात आणि खाणं सोडतात, म्हणून पाहणीही जास्त करावी लागते. २८० रुपयांची फेरी या दिवसांत पाव पटीने वाढून ३५० झाली तर कुणी फसवलं असं होत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री अचानक सांगितलेली वाढ मात्र अन्यायाची. तेव्हा मालकाला दुसरा पर्याय उरलेला नसतो.

आगाऊ रक्कम आणि रद्द करण्याचा नियम दोघांच्याही सोयीचा आहे. सणासाठी राखून ठेवलेले दिवस ऐन वेळी रद्द झाले तर सिटरने दुसरी कामं नाकारलेली असतात. आठवडाभर आधी कळवल्यास सगळे पैसे परत, त्यानंतर निम्मे, असा सरळ नियम लिहून ठेवावा. सिटरला जमलं नाही तर काय, हेही त्याच कागदावर असावं. आगाऊ घेतलेले पूर्ण पैसे परत करायचे आणि शक्य असेल तर दुसरं माणूस मिळवून द्यायचं.

औषध आणि दवाखाना

सशाला औषध पाजणं सोपं दिसतं, तसं ते नाही. नीट न धरता उचललेला ससा मागच्या पायांनी इतक्या जोरात लाथ मारतो की त्याचाच कणा मोडू शकतो. औषधही प्राण्यागणिक बदलतं. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आणि गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राण्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून औषधाच्या फेरीला वेगळी रक्कम हवी. वरच्या उदाहरणात जास्तीच्या दहा मिनिटांचे आणि हातच्या कौशल्याचे मिळून ६० रुपये धरता येतील. ज्याला प्राणी धरायचा सराव नाही त्याने हे काम पैसे मिळतात म्हणून घेऊ नये.

दवाखान्याचा खर्च मालकाचाच. पण "काही झालं तर बघू" एवढ्यावर सोडलं तर रात्री अकरा वाजता सिटर अडकतो. निघण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. कोणत्या पशुवैद्याकडे न्यायचं, मालकाचा फोन लागला नाही तर सिटर स्वतःच्या निर्णयाने किती रुपयांपर्यंत उपचार करू शकतो, आणि त्यासाठीची रक्कम आधीच कुणाकडे ठेवायची. ससे, गिनी पिग आणि पक्षी तपासणारे पशुवैद्य प्रत्येक गावात नसतात, त्यामुळे पहिल्या गोष्टीचं उत्तर सहलीच्या बरंच आधी शोधून ठेवावं लागतं. सिटरने दवाखान्यात घालवलेले तास हेही कामाचेच तास आहेत. त्यांचा दरही त्याच कागदावर हवा.

नाही कधी म्हणावं

काही कामं कोणत्याही दरात घेऊ नयेत. आपल्याकडचा हिरवा पोपट आणि तारा कासव यांना घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. असा प्राणी सांभाळायला घेणारा स्वतःही अडचणीत येतो. आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या परदेशी संरक्षित प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. असा पक्षी घेण्याआधी कागद पाहावेत.

शेजारच्या मुलांना प्राण्यांची ओढ असते आणि मालकालाही ते सोयीचं वाटतं. पण १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला, काही मोजके अपवाद सोडले तर, कायद्याने मनाई आहे. मुलाने प्राण्याशी खेळावं, शिकावं. जबाबदारी आणि पैशाचं बोलणं त्याच्या आईवडिलांशी व्हावं. नियमित कामासाठी प्रौढ सिटरच नेमावा.

जो दर मिनिटांत आणि किलोमीटरमध्ये समजावून सांगता येतो, तो न्याय्य दर. मालकाने सिटरला "किती घेता?" एवढंच न विचारता "किती वेळ थांबता आणि काय काय पाहता?" हेही विचारावं. सिटरने दर सांगताना फेरीत कराव्या लागणाऱ्या कामांची यादी पुढे ठेवावी. दर कमी करायचाच असेल तर यादीतली कोणती कामं वगळायची आणि ती वगळली तर प्राण्याचं काय होईल, हे दोघांनी एकत्र बसून ठरवावं. असं बसलं की लक्षात येतं, खाणं-पाणी, सफाई आणि पाहणी यातलं काहीच वगळण्यासारखं नसतं. मग घासाघीस संपते आणि पुढचं बोलणं प्राण्याबद्दलच होतं.